आडवी पडलेली गोदावरी

आई आडवी पडली आणि आमच्या घरातले आवाजच बदलले. तोवर आमची सकाळ तिच्या चपलांनी व्हायची. स्वयंपाकघर ते बाल्कनी, बाल्कनी ते न्हाणीघर, असं तिचं चालणं ऐकत मी डोळे उघडायची. मग कुकरच्या शिट्या, आणि त्यांच्या मधूनच तिची हाक, "मृणाल, पाठ सरळ!" मी अजून अंथरुणात असले तरी पाठ सरळच असायला हवी होती. आई दिघ्याच्या एका शाळेत खेळ शिकवायची. पोरी तिला नुसतं 'बाई' म्हणायच्या, आणि बाई समोरून आल्या की बसलेली पोर आपोआप उभी राहायची. घरीही तसंच होतं. बाबा बेलापूरच्या सरकारी कचेरीतून दमून आले आणि सोफ्यावर जरा कलंडले, तर आई म्हणायची, "आजारी आहात का?" दिवसाउजेडी आडवं पडायला तिच्या लेखी दोनच कारणं होती, ताप नाहीतर आळस.

त्या वर्षी शाळेच्या मैदानावर खो-खोचा खांब रोवताना तिच्या कमरेत कळ आली. कळ कसली, ती वाकली ती वाकलेलीच राहिली. दिघ्याहून नेरूळपर्यंत ती रिक्षात आडवीतिडवी कशी आली हे तिने कधी सांगितलं नाही, पण रिक्षावाला तिला आमच्या मजल्यापर्यंत धरून घेऊन आला होता आणि जाताना बाबांना म्हणाला, "साहेब, मॅडम एकदा पण ओरडल्या नाहीत, म्हणून मलाच टेन्शन आलं." डॉक्टरांनी सांगितलं, मणक्यातली चकती सरकलीय. कडक जागेवर सपाट झोपायचं, उठायचं ते फक्त बाथरूमपुरतं. आमचा फ्लॅट तो केवढा. बेडरूममधला पलंग स्प्रिंगच्या गादीचा, म्हणून मग हॉलमध्येच, टीव्हीच्या समोर, जमिनीवर सतरंजी आणि तिच्यावर पातळ गादी घातली, आणि आई तिथे राहायला आली.

पहिला आठवडा तिने दात आवळून काढला. पण आंतरशालेय सामने जवळ येत होते, आणि पोरींचा संघ तिने दोन पावसाळे खपून उभा केला होता. एका सकाळी आम्ही अजून आवरत होतो तेवढ्यात ती उठली, ओट्यापाशी गेली, डबा भरायला घेतला आणि ओट्याला धरून खाली बसली. बाबांनी आणि मी तिला परत आणून झोपवलं. डॉक्टर या वेळी रागावलेच. पाय बधिर व्हायला लागला तर ऑपरेशन करावं लागेल, मग मैदान कायमचं विसरा, असं त्यांनी तिच्या तोंडावर सांगितलं. त्या दिवसानंतर आईने भिंतीकडे तोंड केलं. टीव्ही नको म्हणाली, पेपर नको म्हणाली. शेजारच्या प्लॉटवर इमारतीचा पाया घालायचं काम चाललं होतं, त्याचा धप्प, धप्प आवाज दिवसभर यायचा, आणि घरात दुसरा आवाज नव्हता.

जेवणाचे मात्र त्या काळात आमचे फार लाड झाले. बाबा साताऱ्याकडचे, त्यांना पिठलं येत होतं आणि पिठलंच येत होतं. ते कळल्यावर बिल्डिंगने आणि बिल्डिंगबाहेरच्यांनी आम्हाला वाटून घेतलं. वरच्या मजल्यावरच्या माझ्या मित्राची, सुब्बूची आई स्टीलच्या डब्यातून रसम पाठवायची, इतकी मिरी घातलेलं की बाबांना त्यात साताऱ्याची आठवण यायची. आणि हर्षालीच्या घरून तांदळाच्या भाकऱ्या यायच्या, फडक्यात गुंडाळलेल्या, मऊ, आणि बरोबर जवळ्याची चटणी. आई मूळची कोकणातली. भिंतीकडे तोंड असलं तरी जवळ्याचा वास आला की मान जराशी वळायची. सुब्बूच्या आईला तो वास जिन्यातूनही सहन होत नसे, पण आईची मान वळते हे तिनेही एकदा पाहिलं, आणि त्यानंतर तिने कधी नाक मुरडलं नाही.

आता हर्षालीबद्दल सांगायला हवं. ती माझ्या वर्गातली, नेरूळच्या खाडीकडच्या जुन्या गावातली. त्यांची शेतं कधीच या शहराखाली गेली होती आणि त्यांच्या घरावर आता मजले चढले होते, भाडेकरू आले होते. तिचा मोठा भाऊ बोटीवर नोकरीला होता. त्याने एकदा येताना एक जाडजूड पुस्तक आणि पिशवीभर चित्रविचित्र फासे आणले. चार बाजूंचा, आठ बाजूंचा, वीस बाजूंचा. ते पुस्तक म्हणजे एका खेळाचे नियम होते. खेळ सांगायला सोपा होता. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, कुणी तलवारबाज, कुणी जादूगार. एकजण गोष्ट सांगणार, की तुम्ही आता या गुहेत आहात, समोर हे आहे. तुम्ही काय करता ते तुम्ही सांगायचं, आणि ते जमतं की नाही ते फासा सांगणार, आकडा जितका मोठा तितकं बरं. गोष्ट सांगायचं काम हर्षालीचं. आम्ही तिला मास्टर म्हणायचो. वर्गात ती इंग्रजीच्या तासाला शेवटच्या बाकावर झोपायची, पण ते इंग्रजी पुस्तक तिला पानापानाने पाठ होतं. हल्ली हा खेळ कॅफेत बसून खेळतात, रंगवलेले पुतळे आणि नकाशे घेऊन, माझी मुलगी जाते. आमच्याकडे पुतळे नव्हते. मी राजमा होते, सुब्बू छोला होता, आणि शत्रू म्हणजे काळे वाटाणे. नकाशा म्हणजे आमच्या हॉलची फरशी, कारण तिचे चौकोन नेमके हवे तेवढे होते.

आई आजारी पडल्यावर मी दोघांना सांगितलं की आता आपलं बंद. बाबांनी ते ऐकलं. ते एरवी या खेळावर वैतागलेले असायचे, अकरावीचं वर्ष म्हणजे काय पोरखेळ आहे का, असं त्यांचं सुरू असायचं. पण त्या दिवशी ते मला गॅलरीत घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "येऊ देत गं पोरांना. जरा दंगा होऊ दे. हे असं शांत मला बघवंना झालंय."

म्हणून आम्ही परत खेळायला बसलो, आईच्या पाठीमागेच, आधी कुजबुजत आणि मग विसरून मोठ्याने. गोष्ट अशी होती की दरीवर एक दगडी पूल आहे. पुलाच्या पलीकडे बुरूज, म्हणजे आमचं पालथं घातलेलं पातेलं. बुरुजावर तिरंदाज, म्हणजे वाटाणे. पुलाला दोन्ही बाजूंनी बुटका कठडा, तो काड्यापेट्यांचा. पुलापलीकडे कैदेत असलेल्या गावकऱ्यांना आम्ही सोडवायचं होतं. मी तलवार उपसून धावले आणि पुलाच्या मध्यावर बाण लागून पडले. सुब्बू जादूचा मंत्र म्हणायला उभा राहिला आणि मंत्र संपायच्या आत पडला. आम्ही पुन्हा सुरुवात केली. पुन्हा पडलो. तिसऱ्यांदा हर्षालीने फासा टाकला आणि खिन्नपणे म्हणाली, "परत लागला. छातीत."

"पण तुम्ही उभे कशाला राहता?"

आवाज भिंतीकडून आला. आम्ही तिघं वळलो. आईने पाठ न उचलता हळूहळू कूस बदलली, तिला त्याला बराच वेळ लागला, आणि मग तिचा गाल उशीवर आणि डोळे थेट फरशीच्या पातळीवर आले. असं ती पुलाकडे बघत राहिली.

"इथून बघा," ती म्हणाली. "तुम्ही वरून बघताय म्हणून तुम्हाला सगळं दिसतंय. माझ्या इथून त्या काड्यापेटीमागचा राजमा दिसतच नाही. राजमा आडवा असता तर त्या पातेल्यावरच्यांना तरी कसा दिसेल?"

सुब्बू लगेच पोटावर झोपला आणि एक डोळा मिटून बघू लागला. "अरे हां यार. नाही दिसत."

हर्षालीने पुस्तक उघडलं. ती पान शोधत होती तेव्हा तिच्या तोंडावर जे आलं ते मला अजून आठवतं. तिला तो नियम पाठ होता, पण आजवर कुणी वापरलाच नव्हता. "हाय," ती म्हणाली. "नियम हाय. जो निजलाय त्याला लांबून बान मारायचा तर कठीन. पन जवळ येऊन मारला तर सोपा. आनि निजल्या निजल्या आपन तलवार मारली तर ती नीट बसत नाय. धनुष्य नाय वढता येत, पन आडवं धनुष्य, चाप दाबायचं, ते चालतं."

"आणि झोपायला किती वेळ?"

"काय नाय लागत. निजायला काय लागत नाय, काकी. उठायला अर्धी चाल जाते."

शेजारच्या प्लॉटवरचा धप्प आवाज आला. मग आई म्हणाली, "बरोबर आहे. तसंच असतं," आणि थोड्या वेळाने, "मला एक दाणा द्या."

मी डब्यातून एक वाल काढून तिला दिला. सोललेला, टपोरा, पिवळसर. हर्षालीने विचारलं, नाव काय? आईला आढेवेढे घेणं माहीतच नव्हतं. "गोदावरी," ती म्हणाली. "चापाचं धनुष्य दे तिला. आणि तिला पळायला लावू नकोस."

आई आता या सगळ्याला हसते. ती म्हणते, मी काही तुमच्या खेळात रमले बिमले नव्हते, तुम्ही इतकं वाईट खेळत होतात की मला बघवेना. असेलही. पण दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तेव्हा तिने पातेलं स्वतः पालथं घालून ठेवलं होतं, हात पोचेल तेवढ्या अंतरावर, आणि मला बघून म्हणाली, "ते दोघं कधी येणार?"

त्यानंतर कितीतरी दुपारी-संध्याकाळी गोदावरी आमच्यात होती. तिची रीत ठरलेली. खडकाआड, ओंडक्याआड, मेलेल्या घोड्याआड, मिळेल त्या आडोशाला ती झोपायची. निजूनच बाण सोडायची आणि सरपटत पुढच्या आडोशाला जायची. शत्रूचे बाण वरून जायचे. सुब्बूला हे अजिबात आवडत नव्हतं. त्याला वीर हवे होते, छाती काढून उभे राहणारे. "काकी, ये चीटिंग है! फायटर असा झोपतो काय? शान दिसत नाही." आई म्हणायची, "शान मेल्यावर दिसते. फोटोला हार घालतात तेव्हा." आणि पुढचा बाण सोडायची.

पण एकदा ती चुकली, आणि त्या चुकीनेच खेळ खरा रंगला. एका नाल्यात ती अशीच मजेत पडून नेम धरत असताना मागच्या झाडीतून गदा घेतलेले दोन राक्षस तिच्या अंगावर आले. जवळून मारणाऱ्याला निजलेलं माणूस म्हणजे आयतं सापडलेलं. तिने उठायचं म्हटलं, तर अर्धी चाल उठण्यातच गेली, उरलेल्या अर्ध्यात ती पळणार कुठे? गोदावरी मरता मरता वाचली. मला त्या वेळी आईकडे बघायची भीती वाटली. मला वाटलं, ती आता पुन्हा भिंतीकडे वळणार. ती छताकडे बघत विचार करत होती. मग तिने मला विचारलं, "तू कुठे होतीस?"

"मी पुढे गेले होते. धावत."

"पुढे जाऊ नकोस. माझ्यापाशी उभी राहा. लांबून मारणारे आले की मी आडवी. जवळ येणारे आले की तू उभी. मी तुझ्या पायापाशी. कळलं?"

कळलं. त्या दिवसापासून राजमा आणि वाल एकाच फरशीवर असायचे. मी तलवार घेऊन उभी, आई माझ्या पायाशी आडवी, आणि आमच्या जवळपास कुणी फिरकू शकत नव्हतं. हर्षालीने पुस्तकातले सगळे राक्षस संपवले आणि मग स्वतःच्या मनाने खाडीतले, चिखलातले, मिठागरातले नवे राक्षस रचायला लागली. आई आणि मी त्याआधी इतक्या गप्पा कधी मारल्या नव्हत्या. तिचं माझ्याशी बोलणं म्हणजे सूचना असायच्या. आता ती मला सल्ला विचारत होती. मी सांगितलेलं कधी कधी ऐकतही होती. मी पाठ वाकवून फरशीवर बसायची, आणि ती एकदाही 'पाठ सरळ' म्हणाली नाही.

दरीवरचा पूल मात्र आम्ही शेवटी ठेवला होता. तो रविवार होता. बाबा मासळी आणायला बाजारात गेले होते, सुब्बू त्याच्या आईने दिलेले चकलीसारखे मुरुक्कू घेऊन आला होता, आणि आम्ही पुलावर उतरलो. हर्षालीने बुरुजावर वाटाण्यांची नुसती रास ओतली होती. गोदावरी कठड्याआडून सरपटत निघाली. एक फरशी, मग आणखी एक. सुब्बू, तोच वीर सुब्बू, तिच्या मागे पोटावर. मी सगळ्यात मागे, आडवी, कारण आज समोरून फक्त बाण होते. तेवढ्यात दार वाजलं. मी उठून उघडलं तर बाहेर दिघ्याच्या शाळेच्या पोरी. आईचा खो-खोचा अख्खा संघ, युनिफॉर्ममध्ये, एकीच्या हातात केळ्यांचा घड. पुढे त्यांची कॅप्टन तबस्सुम, काटकुळी, डोळ्यांत काजळ.

पोरी आत आल्या आणि थबकल्या. त्यांच्या बाई, ज्यांच्यापुढे त्या कधी भिंतीलाही टेकल्या नव्हत्या, जमिनीवर पडून एका वालाच्या दाण्याला सांगत होत्या, "सरक, सरक, डोकं वर काढू नकोस!" आईने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बसा गं," ती म्हणाली. "आवाज नको. आम्ही पुलावर आहोत."

त्या बसल्या. त्यांना काय चाललंय ते सुब्बूने अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत समजावलं, आणि नंतर त्या गप्प राहिल्या असं काही झालं नाही. गोदावरीवर बाण आला की अख्खा हॉल श्वास रोखून धरायचा. फासा घरंगळायचा, बाण चुकायचा, आणि पोरी ओरडायच्या. बाबा पिशवीत बांगडे घेऊन आले ते दारातच उभे राहिले. पुलाच्या टोकाशी गोदावरी पोचली, आडवीच, आणि तिने बुरुजाच्या दाराला बांधलेल्या दोरावर नेम धरला. तो दोर तुटला की वरचं दार खाली कोसळणार होतं आणि कैदेतले गावकरी सुटणार होते. "टाका काकी," हर्षाली म्हणाली आणि वीस बाजूंचा फासा आईच्या हातात दिला. आईने टाकला. तो सतरंजीवरून घरंगळत तबस्सुमच्या पायाशी थांबला. तबस्सुम वाकली. "बाई, वीस."

त्यानंतर जे झालं त्याने खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. पोरी उड्या मारत होत्या, सुब्बूने पातेलं उचलून डोक्यावर घातलं होतं, बाबा काय झालंय हे न कळताच टाळ्या वाजवत होते, हातातली बांगड्यांची पिशवी हलत होती. आणि आई हसत होती. पडल्यापासून पहिल्यांदा, तोंडावर हात दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "हसवू नका गं," ती म्हणत होती, "दुखतंय, अगो बाय, हसवू नका."

केळी खाऊन झाल्यावर पोरींनी त्यांचं दुखणं काढलं. सामना पुढच्या शनिवारी, वाशीच्या मैदानावर. बाईंच्या जागी चित्रकलेचे सर येणार होते. सर फार चांगले, पण ते खो-खोला सारखं 'कबड्डी' म्हणायचे. आईने लगेच राजमे मागवले. फरशीवर खेळाडूंची रांग मांडली, एक इकडे तोंड करून, दुसरी तिकडे, दोन टोकांना खांब म्हणून दोन मेणबत्त्या. कुठून खो द्यायचा, कुणी कधी सूर मारायचा, हे तिने असं समजावलं की हर्षालीसुद्धा पुस्तक मिटून बघत बसली. निघताना तबस्सुमने विचारलं, "बाई, तुम्ही याल ना?"

आईचा चेहरा एकदम उतरला. "कशी येऊ? अशी? लोळत?" ती म्हणाली. "मी तुम्हाला ताठ उभं राहायला शिकवलं. चार शाळांसमोर बाई आडव्या पडलेल्या दिसल्या तर तुम्हालाच खाली बघावं लागेल. जा तुम्ही. नीट खेळा."

पोरी गेल्या. आम्ही दाणे गोळा करत होतो. मग हर्षाली डब्यात वाटाणे भरता भरता, वर न बघता म्हणाली, "आमच्या तात्याचा टेम्पो हाय. शनवारी मोकला असतो. मागं गादी टाकली तर..."

"टेम्पोत?" आई म्हणाली. "वांग्याबटाट्यासारखी?"

"वांग्यांपेक्षा हलूहलू नेईल ना तो."

आई छताकडे बघू लागली. बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले, हाताला बांगड्याची हळद. त्यांनी माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली, म्हणजे काही बोलू नकोस. मग आईने विचारलं, "त्या टेम्पोची बाजूची फळी खाली पडते का? मला मैदान दिसायला हवं."

बाबांनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, इतके आठवडे नीट झोपल्यात, सपाट आणि सावकाश नेणार असाल तर न्या, पण उड्या मारल्या तर माझ्याकडे आणू नका. शनिवारी बिल्डिंगमधल्या पुरुषांनी आईला सतरंजीसकट उचलून खाली आणलं. तात्या म्हणजे हर्षालीचा काका, बनियनवर शर्ट उघडा, गळ्यात जाड साखळी. त्याने टेम्पो पाण्याने धुऊन ठेवला होता, तरी कोथिंबिरीचा वास येत होता. "वैनी, खड्डा आला की मी आदी सांगंन," तो म्हणाला, आणि खरंच नेरूळ ते वाशी तो ओरडत गेला, "खड्डा हाय! खड्डा हाय!"

मैदानाच्या कडेला टेम्पो लावून त्याने फळी खाली सोडली. लोक बघायला लागले. दुसऱ्या शाळेच्या शिक्षिका आपापसात बोलल्या. आईने ओढणी नीट केली, शिट्टी गळ्यात घातली आणि कुशीवर वळली. तेवढ्यात पंच आले, उन्हाने तांबडे झालेले गृहस्थ. म्हणाले, प्रशिक्षकांनी ठरलेल्या जागी बसायचं असतं, वाहन चालणार नाही. आईने तोंड उघडण्याआधी हर्षाली पुढे झाली. "सर, टेम्पो रेषेच्या बाहेर हाय. आनि निजायचं नाय असं नियमात कुठं लिवलंय? दाखवा ना." तिच्या आवाजात इतकी खात्री होती की पंचांनी खरोखर खिशातून छापील पुस्तिका काढली. त्यांनी ती चाळली. मग चष्म्यावरून आईकडे पाहिलं, टेम्पोकडे पाहिलं, आणि त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. "शिट्टी फक्त माझी वाजेल, मॅडम," एवढंच म्हणून ते गेले.

पहिल्या डावात आमच्या पोरी मागे पडल्या. समोरच्या संघात एक उंच पोरगी होती, ती कुणाच्या हाताला लागत नव्हती. खांबापाशी पोचली की अशी गर्रकन वळायची की पाठलाग करणारी सरळ पुढे निघून जायची. मी तिच्या हातांकडे, डोळ्यांकडे बघत होते, मला काही कळत नव्हतं. मधल्या वेळात पोरी घामाघूम होऊन टेम्पोपाशी आल्या, आणि आईने फळीवर कोपर टेकून त्यांना जवळ बोलावलं. "उभ्याने काही दिसत नाही," ती म्हणाली. "मला इथून नुसते पाय दिसतात. ती वळायच्या आधी डावा पाय आडवा टाकते. प्रत्येक वेळी. पाय आडवा पडला की हाताने पकडायला जाऊ नका. सरळ सूर मारा. जमिनीवर पडलात तरी चालेल. पडायचंच आहे."

दुसऱ्या डावात वेळ संपत आली होती. उंच पोरगी खांबाकडे धावली, तबस्सुम तिच्या मागे. मी आईचा हात धरला होता. डावा पाय आडवा पडला. तबस्सुमने स्वतःला असं झोकून दिलं की ती हवेतून आडवी गेली, मातीत छातीवर आपटली, आणि तिच्या बोटांची टोकं त्या पोरीच्या टाचेला लागली. पंचांची शिट्टी वाजली. धुळीत तबस्सुम दिसेना. मग तिचा हात वर आला. आम्ही एका गुणाने जिंकलो होतो.

पुढच्या फेरीत आमच्या पोरी सपाटून हरल्या, तेही सांगायला हवं. आईची कंबर पुरती बरी व्हायला पुढचा पावसाळा उजाडला, ऑपरेशन टळलं, आणि ती मैदानावर परत गेली, खुर्ची घेऊन. पण त्या शनिवारी यातलं आम्हाला काही माहीत नव्हतं. पोरींनी टेम्पोला गराडा घातला होता, मातीने माखलेल्या हातांनी बाईंच्या गालांना हात लावत होत्या, चित्रकलेचे सर सगळ्यांना सांगत होते की कबड्डी फार छान झाली. तात्याने पाणीपुरीवाल्याला बोलावून आणलं. आडवं पडून पाणीपुरी खाता येत नाही हे आईला त्या दिवशी कळलं, आणि तरी तिने खाल्ली.

परतताना सुब्बू आणि हर्षाली पुढे तात्याजवळ बसले, मी आईजवळ मागे. पाम बीच रस्त्याला लागल्यावर वारा सुटला. ऊन उतरलं होतं, खाडीकडून खारा वास येत होता. आई सरळ वर बघत होती. दिव्यांचे खांब येत होते आणि जात होते, झाडांचे शेंडे, मोठाले फलक, मध्येच नुसतं आकाश. "इतकी वर्षं या रस्त्याने जातेय," ती म्हणाली, "मला माहीतच नव्हतं वर एवढं सगळं आहे." मग तिने केबिनच्या पत्र्यावर हात आपटून पुढे ओरडून सांगितलं, "तात्या, घाई नको. जरा लांबून घ्या!"

तात्याने लांबून घेतलं. मी तिच्या शेजारी आडवी झाले. सिग्नलला आमच्या बाजूला एक बस थांबली, आणि खिडकीतल्या बायका वाकून आमच्याकडे बघायला लागल्या, टेम्पोत गादीवर पडलेल्या दोन बायकांकडे. एकीने काळजीने विचारलं, "काय झालं हो ताई?" मला वाटलं, आई आता लाजेने तोंडावर ओढणी घेणार. तिने दोन्ही हात वर केले.

"जिंकलो आम्ही!" ती ओरडली, आणि सिग्नल सुटला.